सत्तर अक्षरांत

मराठीत एका मेसेजला सत्तर जागा.
इंग्रजीला एकशे साठ. असं का, विचारलं,
तर पोर्टलवाला म्हणाला, मॅडम, तुमच्या भाषेला सामान जास्त.
काना वेगळा मोजतात, वेलांटी वेगळी,
नुसता ‘श्री’ चार जागा अडवून बसतो.
श्री काढला.

नौपाड्यात, खाली फरसाणाचं दुकान,
वर आमचं श्रवणयंत्रांचं क्लिनिक,
आणि रिसेप्शनला मी,
जिला ‘जरा आपुलकीनं लिही’ असं सांगितलंय.
समोर कोलबाडच्या शिबिराची वही.
दोनशे बारा नावं, बॉलपेननं.
फोन करून उपयोग नाही.
ज्यांना विकायचं, त्यांना रिंगच ऐकू येत नाही.

पहिला मसुदा: प्रिय ग्राहक.
कोरगावकर मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.
‘ग्राहक अजून झालेत कुठे? आणि प्रिय कोणाचे?’
दुसऱ्यात नाव आपोआप पडतं, पुढे ‘जी’.
यशोदाजी भोईर.
चेंदणी कोळीवाड्यात यशोदाबाईंना जी म्हटलं
तर त्या मागे वळून बघतील, कोण आलंय म्हणून.

मग गाडं अडलं क्रियापदापाशी.
तुम्ही शिबिराला आला होतात की आल्या होतात?
एकच मजकूर दोनशे बाराजणांना,
त्यात साड्या किती, धोतरं किती, यंत्राला काय ठाऊक.
आणि खाली सही मॅडमची की डॉक्टरांची?
वाट पाहते म्हणू की पाहतो?
शेवटी लिहिलं: क्लिनिक तुमची वाट पाहतंय.
नपुंसकलिंगी वाट.
कोणीच कोणाची पाहत नाही, तरी व्याकरण शुद्ध.

दुपारी सगळं बंद करून एकेक लिहायला बसले.
गुंजाळकाका, वागळे इस्टेट,
तेहेतीस वर्षं पॉवर प्रेसवर.
शिबिरात सगळ्यांशी ओरडून बोलत होते,
मशीन अजून शेजारी चालू असल्यासारखे.
लिहिलं: काका, प्रेस बंद झालाय. आता हळू बोलूया.
फिलोमिना डिमेलो.
चर्चमध्ये माझा सूर चुकतो गं,
पुढच्या बाकावरच्या वळून बघतात,
हे माझ्या कानाशी येऊन सांगितलं होतं.
लिहिलं. खोडलं.
ते मला सांगितलेलं, क्लिनिकला नव्हे.
आपुलकी कुठे संपते आणि चहाडी कुठे सुरू होते
ते पोर्टलवर दिसत नाही.
त्यांना नुसती वेळ कळवली, साडेनऊ ते सहा.

संध्याकाळी उत्तरं आली.
एक: नंबर कुठून मिळाला?
एक: अंगठा.
एक: बॅटरीसकट काय भाव?
आणि अनंत साखळकर, चरई:
‘मला व्यवस्थित ऐकू येते. घरात बोलणारे कोणी नाही.
शिबिरात तुम्ही विचारलेत, बीप ऐकू आला का.
चार वेळा विचारलेत. बरे वाटले.’

रकान्यात पर्याय तीनच. घेतलं, घेणार, रस नाही.
साखळकर आठवले मला.
हेडफोन लावून, पाठ ताठ,
प्रत्येक बीपला बोट वर, हुशार मुलासारखं.
एकदा बीप नसतानाही वर केलं होतं.
मी नोंदलं नव्हतं ते.

मॅडम गेल्या. खालच्या फरसाणवाल्यानं
शटर अर्धं ओढलं, शेवटच्या कढईचा वास वर आला.
मी लिहिलं:
क्लिनिक बुधवारी साडेनऊला उघडतं. दहाला चहा येतो.
मोजलं. सत्तेचाळीस.
उरलेल्या तेवीस जागांत ऑफर मावली असती,
निदान ‘मोफत’ तरी.
तशाच ठेवल्या.