खार

कोको गेला.
गोण्यांवर शिक्के बसले, ट्रक टेमा बंदराकडे वळला.
जुआबेनच्या बागेत मागे राहिली टरफलं,
पिवळी होती ती तपकिरी, मग बुरशीची,
मूठभर बियांमागे हातभर ढीग.

सेरवा ती गोळा करते.
वाळवते, जाळते, राख भिजवते.
भोकाच्या मडक्यातून थेंबथेंब उतरतो खार,
त्यात ताडाचं तेल, मग काळा साबण.
तिच्या बोटांना आता ठसे नाहीत.
मतदार नोंदणीच्या यंत्रानं तिला दोनदा परत पाठवलं.

तिचा भाचा बोआहेन कुमासीच्या प्रयोगशाळेत
तेच टरफल भाजतो, पण हवा न देता.
नळीची भट्टी, आठशे अंश, नायट्रोजनची उसनी टाकी.
जळू न देता जाळायचं,
एवढं शिकण्यात दोन वर्षं गेली.
परदेशी पोटॅशची बाटली संपली, दुसरी जहाजावर अडकली.

सेरवा म्हणाली, विकत कशाला आणतोस?
खार तर त्याच्या अंगातच आहे.
हे हात बघ.

मग त्यानं काहीही न घालता भाजलं.
खारानं टरफल आतून खाल्लं,
इतकं की नुसत्या भिंती उरल्या,
खोलीत खोली, तिच्यात आणखी खोली,
दारं एवढी अरुंद
की आयनांनी अंग चोरून आत शिरावं.
चिमटीभर भुकटीत अख्खा बाजार मावेल एवढी जागा.
कोळसाच तो. उगाळावा तितका काळा होत गेला
आणि बोआहेन खूश होत गेला.

निकेलच्या जाळीवर लेप, मधे ओला कागद,
बटणाएवढ्या चार डब्या, एकीला एक जोडून.

त्या रात्री डमसोर.
वीज जाण्याला तिकडे हेच नाव, बंद-चालू.
गल्ली मिटली. शेजारचा रेडिओ वाक्यात तुटला.
साबणाच्या पाटावर मात्र
डाळीएवढा एक पांढरा ठिपका.

भरायला मिनिट, विझायला चार.
एवढंच? सेरवा म्हणाली,
आणि बोलता बोलता अकरा वड्या कापून मोकळी झाली.

ठिपका गेल्यावर तिनं सुरी चाचपून बाजूला ठेवली.
मग विचारलं,
पुढच्या हंगामात हे ढीग
मला फुकट उचलू देतील ना रे?

अंधारात बोआहेन
तळहातावरचा काळा डाग
नखानं खरवडत राहिला.