अमावस्येचा हिशेब

गाठडीवर काळ्या रंगानं लिहितो: म्वांझा.
खाली नग चारशे, लाल काठ,
कोपऱ्यात आमच्या कारखान्याचा मोर.
अकरा वर्षं लिहितोय. गाव पाहिलेलं नाही.

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये चोवीस माग.
किती चालायचे, ते मालकाच्या हातात नाही.
ते ठरवते तिथल्या सरोवरातली एक मासळी,
बोटाच्या पेराएवढी, चांदीच्या खिळ्यासारखी.
नाव तिचं दगा.
(सत्तय्या हसला होता : नावातच सांगून ठेवलंय की!)

अंधाऱ्या रात्री होड्या कंदील घेऊन निघतात,
दगा उजेडाला भुलते.
चांदणं पडलं की भुलत नाही,
होड्या काठावर पालथ्या.
म्हणून मासांजाशेटचा निरोप फोनवर येतो तो
अमावस्येच्या आसपास:
पाठवा.

आणि इथं अमावस्येला
मालक मागाला लिंबू बांधतात, नारळ फोडतात,
नवा ताणा चढवत नाहीत.

पैसा आधी डिझेलला जातो, मग जाळ्याला,
मग वाळवण घालणाऱ्या बायांच्या हातात,
त्यांच्याकडून शाळेच्या फीला, मक्याच्या पिठाला,
मग उरलाच तर टॉवेलला.
आपण रांगेत शेवटचे, सत्तय्या,
आपल्यामागं फक्त तुझा शनिवारचा पगार.

मोठा मासा वेगळा. तो सोलून, बर्फात,
विमानानं परदेशी जातो.
गावात सांगाडे उरतात, तेही तळून विकतात.
हे मात्र कुणाला समजवावं लागलं नाही.
आमचाही पहिल्या नंबरचा माल बंदराला जातो,
धागा सुटलेला साखर पेठेत किलोवर.

‘केवढं असंल वो ते तळं? हिप्परग्याएवढं?’
म्हटलं, आपला जिल्हा घाल आत, करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत,
असे चार बुडतील, पाचवा निम्मा भिजेल.
तो बराच वेळ कांडी हातात धरून उभा.
‘मग नळाला रोज पाणी येत असंल त्यांच्या.’
मी मासांजाशेटला विचारलं.
उत्तर आलं : टेकडीवरची वस्ती अजून डोक्यावरूनच आणते.

यंदा सरोवर चढलं.
वाळवणाचे माचे पाण्यात, धक्का पाण्यात,
त्यांची उधारी बुडाली, आमची थांबली.
नऊ माग बंद.
पाणी वाढलं म्हणून कुणाचा माग बंद पडतो,
हे चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावात
कुणाला सांगायचं?

काल विडी घरकुलात सत्तय्याच्या दारात बसलो होतो.
चंद्र ताटाएवढा. अंबव्वा पानं कातरता कातरता म्हणाली,
काय लख्ख पडलंय.
सत्तय्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.
बोटांवर मोजत होता:
अजून चौदा.

तेवढ्यात गल्लीत कुणीतरी ओरडलं, पाणी आलं!
आणि त्या नकोशा उजेडात
सगळ्यांच्या घागरी
एकदम स्पष्ट दिसल्या.