चौदा खुंट

मंगळवारची सभा. अग्निशमन केंद्रामागची खोली,
सात माणसं, कॉफीचं एक भांडं.
लोरेननं इतिवृत्त वाचलं :
डिझेल गेल्या महिन्यापेक्षा जास्त गेलं,
ग्रूमरचा पट्टा आणखी एक हिवाळा काढेल, काढलाच तर,
आणि हॅस्कलबाईंचा निरोप आहे :
त्यांच्या कुंपणाशी पुन्हा कुणी वाटेबाहेर गाडी घातली
तर फाटकाला कुलूप.
कोण जाणार त्यांच्याकडे?
सगळे कॉफीत बघू लागले. मग माझ्याकडे.
मी वाटप्रमुख. बिनपगारी, फुल अधिकारी.

मेपलच्या पाकाची बाटली घेऊन गेले.
बाईंनी दारातच उभं ठेवलं.
म्हणाल्या, तुमच्या गाड्यांनी हरणं उठतात.
फेब्रुवारीत हरणाच्या अंगात
पळण्यापुरतं काही उरलेलं नसतं, व्हर्ना.
मला उत्तर सुचलं नाही.
'हळू'ची पाटी वीस पावलं अलीकडे आणली,
एवढंच केलं.

जर्वे पेल्की गेला तेव्हा त्याची वही माझ्याकडे आली.
एकतीस हिवाळे. तारीख, थंडी, इंच.
तळ्याच्या मध्यावर अकरा. बेटापाशी नऊ.
ओढ्याच्या मुखाशी : नको.
दरवर्षी तिथे आकडा नाही, तेवढा एकच शब्द.
एका पानावर मात्र फक्त एका पोराचं नाव,
आणि त्यापुढची पाच पानं कोरी.

वरून बर्फ सगळीकडे सारखाच दिसतो,
पांढरा, सपाट, समजूतदार.
गिरमिट खाली गेलं की मग खरं बोलतो.
म्हणून त्या मुखाला वळसा घालणारे चौदा खुंट :
स्प्रूसच्या फांद्या, शेंड्याला नारिंगी रंग,
भोकात उभ्या करायच्या, भोवती ओला बर्फ थापायचा,
सकाळपर्यंत सिमेंट.

शनिवारी रात्री दोन वाजता ग्रूमर घेऊन
काठाच्या रस्त्यानं येत होते, ताशी सहा मैल.
तळ्यावर खुंट नव्हते.
चौदाच्या चौदा.
काठावर कुणाच्या तरी शेकोटीची राख
आणि तीत न जळलेला एक नारिंगी शेंडा.

समोरच्या टेकडीवरून एक दिवा उतरला, तळ्यावर आला.
बरं वाटलं मला : माझे दिवे दिसतील त्याला.
दिसलेच.
तो सरळ माझ्याकडे वळला,
आणि त्याच्या-माझ्यामध्ये, नेमकं रेषेत,
जर्वेचं 'नको'.

सगळे दिवे विझवले.
ग्रूमर उलटा घातला, अंधारात, आठवणीवर,
दोनशे पावलं, डावीकडे खड्डा आहे हे माहीत असलेल्या खांद्यानं.
तेवढ्या वेळात तो कुठे पोचला असेल
हे मी बघितलं नाही. बघता येत नव्हतं.
जिथे वाट खरोखर काठाला लागते तिथे थांबले
आणि होते नव्हते ते सगळे दिवे लावले,
वरचा पिवळा फिरतासुद्धा.

त्याचा दिवा क्षणभर जागीच थबकला.
मग हळूहळू वळला.

पोरगा बाहेरगावचा. मिशीवर बर्फ.
हेल्मेट काढून म्हणाला,
बाई, पेट्रोलपंप उघडा असेल का कुठे?
आणि हो, तुमची वाट फार खडबडीत आहे.
क्लबात कुणाला ओळखत असाल तर सांगा.
सांगते म्हटलं.

हात थरथरायचे थांबल्यावर गिरमिट काढलं.
तेरावा खुंट लावताना उजाडलं.
परत येताना हॅस्कलबाईंच्या कुंपणापाशी
तीन हरणं बसलेली. इंजिन बंद करून
मी बराच वेळ नुसती बसून राहिले.
एकानं कान हलवला. उठलं कुणी नाही.

पुढच्या मंगळवारी लोरेननं लिहून घेतलं :
खुंट चौदा, पुन्हा लावले. खर्च शून्य.
वाट खडबडीत असल्याची एक तक्रार आली आहे.
वाटप्रमुखांनी लक्ष घालावं.