रिकाम्या

उणे अठरा. सस्कॅचेवानमधल्या या गोठणीवर
माझ्या अंगाचा एकच भाग उबेत आहे:
गाईच्या आत, खांद्यापर्यंत गेलेला डावा हात.
"गाभण," मी ओरडते. ओरेस्ट वहीत रेघ ओढतो.
गाभण. गाभण. रिकामी.
रिकामी.

दोनशे बारांत एकतीस.
मग विचारते, ते माझं काम आहे:
जूनमध्ये कुंपण कुठे पडलं होतं?
कुणाचा वळू आत आला?

वळू धडधाकट असतो. चरतो, माजतो,
रोग नुसता वाहून नेतो,
त्याला स्वतःला काही होत नाही.

ओरेस्ट बर्फाकडे बघतो.
"हाल्वरचा," शेवटी म्हणतो.
हाल्वर त्याचा व्याही.
नाव लिहिलं तर ट्रक येईल, वळू जाईल,
नाताळचं जेवणही.

मघापासून चालणारं पेन
आता गोठलं म्हणतो.

मी पेन्सिल देते.