लिमिटेड

क्लाइव्ह ऑर्मरॉड सकाळीच व्हॅन घेऊन आला.
म्हणाला, एकच शब्द खरवडायचाय.

बर्नलीत बत्तीस वर्षं पाट्या रंगवतोय मी.
हेही नाव माझ्याच हातचं:
'ऑर्मरॉड गालिचे, लिमिटेड'.
तेव्हा शेवटच्या शब्दाला त्याने
सोनेरी कडा मागून घेतली होती.

महामारीच्या त्या वसंतात
चार ओळींच्या फॉर्मवर पैसे मिळत होते,
हमी सरकारची.
उलाढाल किती? त्याने लिहिलं, दोन लाख पौंड.
होती एकतीस हजार.
पन्नास हजार आले, दुसऱ्याच दिवशी.

मोरकमला कॅरव्हान. मुलीचं स्वयंपाकघर.
आणि अकरा हजार रोख,
ज्यांचा हिशेब त्याला चौकशीतही देता आला नाही.
बिअर पिताना मलाही नाही.

आता नऊ वर्षं
कुठल्याच कंपनीचा डायरेक्टर होता येणार नाही.
गालिचे अंथरायला बंदी नाही.
गुडघे त्याचे, सुरी त्याची,
व्हॅन नोरीनच्या नावावर.

थिनरचा बोळा, मग पातं.
सोनेरी आधी गेलं.
भोवतीचा निळा उन्हाने विटलेला,
म्हणून अक्षरं निघाली तरी
त्यांची जागा गडदच राहिली,
रस्त्यापलीकडून वाचता येईल इतकी.

फॉर्म मीही भरला होता.
अजून हप्ता जातो.
माझा आकडा खरा होता,
म्हणजे, जवळजवळ.

त्याने वीसची नोट रंगाच्या डब्याखाली सरकवली.
पावती देऊ? मी विचारलं,
सवयीने.