अननसाचा रस

ह्यांचे डोळे हळदीच्या पाण्यासारखे.
सोनोग्राफीत पित्तनळी फुगलेली, खडा मात्र दिसेना.
डॉक्टर कारखानीस म्हणाले, दुर्बीण घालायची ती काढायला,
नुसतं बघायला कशाला? आधी एमआरआय.

दांडिया बाजारातून उपाशीपोटी रिक्षानं आलो.
फाल्गुनीबेननं अननसाचा रस दिला,
जठरातलं पाणी पडद्यावर काळं पडावं म्हणून.

"पेसमेकर छे? क्लिप? स्क्रू?"
नाही, नाही, नाही.
मकरपुऱ्याच्या कारखान्यात हजेरी द्यावी तसं.
"डोळ्यात कधी लोखंड गेलंय?"
"नाही."

मी म्हटलं, गेलंय.
सत्त्याऐंशी साली, लेथवर, रात्रपाळीला.
चष्मा खुंटीला टांगलेला.
ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं
की घरातलं मी चौकात सांगितलं.

फाल्गुनीबेननं पेन खाली ठेवलं.
कण उरला असेल तर चुंबक त्याला हलवेल, म्हणाली,
डोळा जाईल. आधी डोळ्यांचा एक्स-रे.
पाऊण तास.
कण नव्हता.
तेवढा वेळ आम्ही एकाच बाकावर, गप्प.

मग आत ठोकठोक, जणू कुणी पत्रा बडवतंय.
श्वास धरा. सोडा. धरा.
बाहेर मीही धरत होते.

थांबलेलं पाणी तेवढं पांढरं उमटतं, म्हणे.
पांढरी फांदी, तिच्या तळाशी
साबुदाण्याएवढं काळं.

बाहेर येऊन ह्यांनी अंगठी चढवली,
पट्टा बांधला, एक भोक आत.
जिन्यावर थांबून म्हणाले,
"चष्मा खुंटीला होता,
हे तुला कुणी सांगितलं?"