हळदीचं पाणी

साळवण मागं पडलं तेव्हा काटा मधोमध होता.
असळजच्या पुढं तो लाल रेघेला टेकला
आणि ह्यांनी काचेवर टिचकी मारली,
उद्यमनगरात लेथवरच्या गेजला मारायचे तशी,
म्हणजे काटाच खोटा.

काटा खोटा नव्हता.
बॉनेटच्या फटीतून वाफ आली,
आधी लाजत,
मग गुऱ्हाळाच्या काहिलीसारखी.

चौतीस वर्षं ह्यांनी
लोकांच्या इंजिनांचे भाग कातले.
बोलायचे ते मायक्रॉनमध्ये.
घरच्या मोरीची कडी वीस वर्षं ढिलीच.
आता बॉनेट उघडून उभे,
चष्मा वाफेनं आंधळा,
आणि मला म्हणाले, "तू काही बोलू नकोस."
मी बोललेच नव्हते.

मी रस्त्याकडं बघत होते.
आम्ही थांबलो म्हणून तोही थांबला होता.
पौषातलं ऊन, उसाला तुरे आलेले,
वारा फिरला की सगळं शिवार एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर.
लांब गगनगड,
टिपकागदावर शाई फुटावी तसा निळा.

वैभववाडी माझं माहेर.
एकतीस वर्षं हा रस्ता मी रात्रीच्या एस्टीतून केला,
मांडीवर मूल, नाकाशी लिंबू.
घाट म्हणजे पोटातली ढवळ,
कंडक्टरची पिशवी आणि
"ताई, खिडकीकडं बसा."
तो हिरवा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्या, कर्ण्यावर गाणं.
"काय ओ काका, तापली व्हय?"
असं विचारून उत्तराला न थांबता गेला.
वीस पावलांवरच्या टपरीतून मग आक्काताई आली,
कमरेवर हात, कपाळाला पीठ.
खाली वाकली, ठिबकणारं पाणी बोटावर घेतलं,
आमटीचं मीठ बघावं तसं बघितलं.
"रेडिएटर गळतोय. हळद टाका.
माझ्या मालकाची ट्रॅक्स हळदीवर सात वर्सं पळाली."

ह्यांचा चेहरा असा झाला
की आयटीआयचं सर्टिफिकेट कुणी भिंतीवरून काढलं.

इंजिन निवेपर्यंत मिरचीची भजी खाल्ली.
चहा झाला. पुन्हा चहा झाला.
मग टॉवेल गुंडाळून ह्यांनी झाकण फिरवलं
आणि हळद टाकली,
चमच्यानं,
प्रत्येक चमचा बोटानं सपाट करून,
ओठांत मोजत.
आक्काताईनं ते दोन चमचे बघितलं,
मग डबाच हातातून घेतला आणि उपडा केला.
"लगीन हाय का औषध? टाका की सढळ हातानं."

तीन कळशा पाणी. किल्ली.
गळती थांबायला जेवढा वेळ लागला
तेवढ्यात ह्यांनी तीनदा "शक्यच नाही" म्हटलं.
पैसे तिनं भज्यांचे घेतले, हळदीचे नाही.
"आज घाट उतरू नगा. चढताना दम काढंल."

गगनबावड्याला रस्त्याला दोन फाटे फुटतात,
करूळ आणि भुईबावडा.
आम्ही कुठलाच घेतला नाही.
कठड्याशी गाडी लावली, बॉनेट उघडंच ठेवलं,
आजारी माणसाची खिडकी ठेवतात तसं.
खाली कोकण होतं, दुपारच्या धुरकट उजेडात.
मी बोट दाखवलं. त्या डोंगराच्या पायथ्याशी,
आंब्यांच्या काळ्या पट्ट्याच्या अलीकडं, तिथं.
ह्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं.
"एवढं जवळ होतं?" म्हणाले.
मी म्हटलं, "एस्टीला अडीच तास लागायचे."
मागं इंजिन टक टक करत निवत होतं.

रेडिएटर अजून बदललेला नाही.
बदलू म्हणतात, सुटा भाग बघतो म्हणतात,
आणि दर रविवारी झाकण उघडून
आत बघून
काही न बोलता लावतात.
थंडीत सकाळी गाडी काढली की फोडणीचा वास सुटतो.
रंकाळ्याजवळ सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला
नाक वर करून वास घेतो
आणि मनगटावरचं घड्याळ बघतो.